ग्राफिक्स कार्ड बदललं तर यूट्यूब-नेटफ्लिक्सचं चित्र सुधारतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत कॉम्प्युटर जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी येऊन म्हणतं, "व्हिडिओ धूसर दिसतो, चांगलं ग्राफिक्स कार्ड टाकून द्या." कार्ड विकणं माझ्या फायद्याचं असलं, तरी बहुतेक वेळा त्या माणसाचे पैसे वाया जाणार असतात, आणि ते मला बघवत नाही. म्हणून दुकानात नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एका वाक्यात सांगा, नवीन कार्डाने चित्र सुधारतं का?

सहसा नाही. कार्डामुळे व्हिडिओ अडखळायचा थांबू शकतो, पण आलेल्या चित्रात जे नाहीच ते कार्ड आणू शकत नाही. याला दोन-तीन अपवाद आहेत, ते पुढे येतील.

मग व्हिडिओ चालताना कार्ड नेमकं करतं काय?

एक हिशोब करू. १०८०पी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. व्हिडिओत नेहमी वापरतात त्या पद्धतीने एका ठिपक्याला सरासरी १२ बिट लागतात. सेकंदाला २५ चित्रं धरली, तर हा कच्चा माल सेकंदाला साधारण ६२२ मेगाबिट होतो. घरच्या नेटवरून इतकं कोण पाठवणार? म्हणून यूट्यूब किंवा नेटफ्लिक्स तो आपल्या सर्व्हरवर दाबून चार-पाच मेगाबिटपर्यंत आणतं, म्हणजे शंभराहून जास्त पट बारीक करतं. बारकावे जातात ते याच टप्प्यावर: गवताची पाती, केसांच्या बटा, अंधारातल्या प्रसंगातल्या सावल्या.

तुमच्याकडे येतं ते हे दाबलेलं गाठोडं. ते सोडवण्याचं काम प्रोसेसर करतो किंवा ग्राफिक्स कार्डावरचा खास डीकोडर. एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ या व्हिडिओ दाबण्याच्या चारही पद्धतींत गाठोडं कसं सोडवायचं याचे नियम काटेकोर ठरलेले आहेत. नियम पाळणारा कुठलाही डीकोडर घ्या, उत्तर तेच येतं. दोन हजारांच्या आणि दोन लाखांच्या कार्डातून सुटलेल्या चित्राचे आकडे सारखेच असतात. त्यानंतर ते चित्र स्क्रीनच्या मापाला ताणणं आणि रंगांचं रूपांतर करणं, एवढ्यातच कार्डाचा थोडा हात लागतो.

मार्च २०२० आठवतो? लॉकडाउन लागला, सगळे घरी बसले आणि नेटवर ताण आला. तेव्हा भारतातल्या मोठ्या स्ट्रीमिंग कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर काही काळ ४८०पीच्या वर चित्र द्यायचं नाही असं ठरवलं. लोकांच्या हातातले फोन आदल्या दिवशी होते तेच होते, तरी चित्र उतरलं, कारण ते ठरतं पाठवणाऱ्याकडे.

पण माझ्या मित्राने कार्ड बदललं आणि त्याला ढळढळीत फरक दिसला. तो खोटं बोलतोय का?

नाही, फरक खरा असणार. फक्त त्याचं कारण बहुतेक वेळा तो समजतो ते नसतं. मी पाहिलेली कारणं सांगतो.

पहिलं कारण केबलचं. जुना कॉम्प्युटर निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलवर असतो. ती ॲनालॉग केबल आहे, त्यातून अक्षरांच्या आणि चित्राच्या कडा किंचित पसरतात. नव्या कार्डाला व्हीजीए नसतंच, म्हणून माणूस एचडीएमआय केबल घेतो आणि चित्र एकदम कोरीव होतं. श्रेय मिळतं कार्डाला, काम केलेलं असतं दीड-दोनशे रुपयांच्या केबलने. तुमच्या मदरबोर्डला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असेल, तर आजच ती केबल लावून बघा.

दुसरं कारण काळ्या रंगाचं. व्हिडिओत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५ असा ठोकताळा असतो. मॉनिटरला मात्र ० ते २५५ हवं असतं. कार्ड आणि मॉनिटर यांचं यावर एकमत नसलं, की काळा करडा दिसतो आणि सगळं चित्र पीठ फिरवल्यासारखं फिकं पडतं. नव्या कार्डासोबत नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) येतो, सेटिंग नव्याने बसतं आणि रंग परततात. खरं तर हे सेटिंग जुन्या कार्डावरही करता येतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये रेझोल्यूशनच्या पानावर आउटपुट डायनॅमिक रेंज नावाची जागा आहे, तिथे मॉनिटरसाठी फुल निवडा. इंटेल आणि एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येही अशीच सोय असते.

तिसरं कारण मात्र खरोखर कार्डाचं आहे. जुन्या मशीनला नव्या पद्धतीचा व्हिडिओ झेपत नव्हता. काही प्लेअर फ्रेम्स, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, गळताना पाहून आपणहून खालच्या दर्जावर येतात, किंवा अडखळण्याला कंटाळून माणूस स्वतःच ४८०पी निवडतो. कार्ड आलं, तोच व्हिडिओ १०८०पी किंवा १४४०पीला सुरळीत चालू लागला. इथे कार्डाने चित्र सुधारलं नाही, चांगलं चित्र घेण्याची वाट मोकळी केली. पैसे सत्कारणी लागतात ते इथे.

माझ्या मशीनमध्ये अडचण कार्डाचीच आहे हे घरबसल्या कसं ओळखू?

दहा मिनिटांचं काम आहे. यूट्यूबवर ज्या व्हिडिओला त्रास होतो तो लावा. चित्रावर उजवी क्लिक करा आणि मेनूत सगळ्यात खाली असलेलं 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. कोपऱ्यात काळी चौकट उघडते. तिच्यातल्या तीन ओळी वाचा.

फ्रेम्सच्या ओळीत किती चित्रं आली आणि त्यातली किती गळली ते दिसतं. हजारात दोन-चार गळणं सोडून द्या. आकडा डोळ्यांदेखत पळत असेल तर मशीन मागे पडतंय. करंट आणि ऑप्टिमलच्या ओळीत आत्ता कोणतं रेझोल्यूशन येतंय ते कळतं. तुम्ही पूर्ण स्क्रीनवर बघताय आणि तिथे ६४० बाय ३६० लिहिलंय, तर धूसरपणाचं कारण तिथेच सापडलं. आणि कोडेकच्या (दाबण्याच्या पद्धतीच्या) ओळीत सुरुवातीला एव्हीसी१ असेल तर एच.२६४, व्हीपी०९ असेल तर व्हीपी९, एव्ही०१ असेल तर एव्ही१.

आता विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्सवर) क्लिक करा आणि व्हिडिओ डीकोडचा आलेख शोधा. व्हिडिओ चालू असताना तो आलेख जमिनीला चिकटलेला आणि सीपीयू छताला लागलेला असेल, तर डीकोडर काम करत नाही, सगळा बोजा प्रोसेसरवर आहे. याही वेळी लगेच खरेदीला निघू नका. आधी ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सिस्टमच्या पानावर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन चालू आहे का बघा. कधीतरी कुणीतरी ते बंद केलेलं असतं आणि नंतर विसरून गेलेलं असतं.

मागच्या वर्षी एक कॉलेजचा मुलगा मशीन घेऊन आला होता. चौथ्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर आणि त्यात एनव्हिडियाचं जीटी ७१० कार्ड. ६० फ्रेम्सचा ४के व्हिडिओ लावला की सीपीयू नव्वदीच्या पार, पंखा गरगरत होता आणि गळलेल्या फ्रेम्स सेकंदागणिक वाढत होत्या. जीटी १०३० बसवलं. तोच व्हिडिओ, सीपीयू निवांत, डीकोडचा आलेख वर, गळती थांबली. मग मी दोन्ही कार्डांवर १०८०पीला तोच व्हिडिओ एकाच क्षणी थांबवून स्क्रीनशॉट घेतले आणि त्याला शेजारी-शेजारी ठेवून दाखवले. कुठला कोणाचा हे त्याला ओळखता येईना, मलाही येईना.

कोणतं कार्ड कोणती पद्धत सोडवतं?

यूट्यूब १०८०पीपर्यंत एच.२६४ देतं, त्याच्या वर व्हीपी९ किंवा एव्ही१. म्हणून घेताना हे बघावं लागतं.

जीटी ७१० फक्त एच.२६४च्या पिढीचं आहे. त्याला व्हीपी९ही येत नाही आणि एचईव्हीसीही नाही. जीटी १०३० आणि जीटीएक्स १० मालिकेला ही दोन्ही येतात, पण एव्ही१ येत नाही. जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेलाही एव्ही१ येत नाही, ते २०२० च्या आरटीएक्स ३० पासून मिळतं. एएमडीमध्ये आरएक्स ६००० मालिकेपासून, पण त्यातली ६४०० आणि ६५०० एक्सटी ही दोन स्वस्त कार्डं वगळून. नेमकी हीच दोन कार्डं लोक व्हिडिओसाठी म्हणून घेतात, तेव्हा सावध राहा. इंटेलची आर्क कार्डं एव्ही१ व्यवस्थित सोडवतात.

बऱ्याच जणांना कार्डाची गरजच नसते हेही इथेच सांगतो. इंटेलच्या सातव्या पिढीपासून प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सला व्हीपी९ आणि १० बिट एचईव्हीसी येतं, अकराव्या पिढीपासून एव्ही१ही. फक्त नावाच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. आणि कार्ड घातल्यावरही मॉनिटरची केबल मदरबोर्डलाच लावून ठेवलेली मशिन्स मी पाहिली आहेत. मागे वाकून एकदा बघाच.

खोक्यावर "४के सपोर्ट" लिहिलंय, मग ४के व्हिडिओ चालणार ना?

नाही, आणि या दोन शब्दांनी लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. त्याचा अर्थ इतकाच, की कार्ड ४के मॉनिटरला सिग्नल देऊ शकतं. ४के व्हिडिओ सोडवू शकतं असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. तसंच "४ जीबी" हा कार्डाच्या मेमरीचा आकडाही व्हिडिओ बघण्यासाठी फारसा कामाचा नाही. माझ्या ओळखीच्या एका काकांना एका दुकानाने असंच जुन्या पिढीचं ४ जीबीचं कार्ड "यूट्यूबसाठी एक नंबर" म्हणून दिलं. पेन्शनमधून घेतलेलं कार्ड, आणि त्याला व्हीपी९ सोडवता येत नव्हतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या किंवा ऑनलाइन घ्या, विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: "हे व्हीपी९ आणि एव्ही१ हार्डवेअरवर डीकोड करतं का?" उत्तर टाळलं गेलं तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर मॉडेल शोधून स्वतः वाचा.

नेटफ्लिक्सचे ४केचे पैसे भरतो, तरी कॉम्प्युटरवर ४के येत नाही. कार्ड बदलू?

थांबा. इथे कार्ड ही लांबलचक साखळीतली एक कडी आहे. प्लॅन प्रीमियम हवा. विंडोजवर ब्राउझर एज हवा, क्रोम आणि फायरफॉक्स खालीच थांबतात. विंडोजमध्ये एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन हे जादा सॉफ्टवेअर बसवलेलं हवं. मॉनिटर ४के हवा आणि तो एचडीसीपी २.२ मानणारा हवा. एचडीसीपी म्हणजे केबलमधून चित्र चोरलं जाऊ नये म्हणून घातलेलं कुलूप. दोन मॉनिटर जोडले असतील आणि त्यातला एक जुना असेल, तर त्या एकापायी दोन्हीकडचं ४के जाऊ शकतं. व्हीजीएवर तर हे कुलूप नसतंच. नेटचा वेग नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार १५ एमबीपीएस तरी हवा.

एवढं सगळं जुळलं, तर मग प्रोसेसर सातव्या पिढीचा किंवा पुढचा आहे का, नाहीतर कार्ड चालणारं आहे का ते बघायचं. एनव्हिडियाने ४के नेटफ्लिक्ससाठी पास्कल पिढी (जीटीएक्स १० मालिकेची) आणि किमान ३ जीबी मेमरी अशी अट ठेवली होती. वर ज्याचं कौतुक केलं ते जीटी १०३० या परीक्षेत नापास होतं, कारण त्याला सहसा २ जीबीच असते. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि डी एकत्र दाबा, कोणतं रेझोल्यूशन येतंय ते पडद्यावर दिसेल.

हॉलमध्ये टीव्ही असेल, तर मी सरळ सांगतो, टीव्हीला ४के स्ट्रीमिंग स्टिक लावा. कार्डापेक्षा स्वस्तात पडते आणि ही सगळी कुलपं तिने आधीच उघडलेली असतात.

एआयने व्हिडिओ सुधारणारी कार्डं आली आहेत म्हणे?

आली आहेत, आणि कार्डाने चित्र खरोखर बदलतं असं म्हणता येईल ते इथेच. एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आरटीएक्स व्हिडिओ सुपर रेझोल्यूशन आणलं, आधी आरटीएक्स ३० आणि ४० साठी, त्याच वर्षी पुढे आरटीएक्स २० साठीही. क्रोम आणि एजमध्ये चालणारा ३६०पी ते १४४०पीचा व्हिडिओ ते मोठा करताना कडा सावरतं आणि दाबल्यामुळे आलेले चौकोनी डाग पुसतं. इंटेल आणि एएमडीच्या नव्या कार्डांतही या धर्तीची सोय आहे.

पण अपेक्षा बेतानेच ठेवा. ७२०पी किंवा १०८०पीचा नीट चित्रित केलेला व्हिडिओ ४के मॉनिटरवर खरंच अधिक स्वच्छ दिसतो. मूळ फारच कमकुवत असेल तर चेहरे मेण लावल्यासारखे गुळगुळीत होतात. माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी यायचे, त्यांना जुनी कीर्तनं आणि संगीत नाटकांची पदं ऐकायची आवड. कॅसेटवरून उतरवून कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी ३६०पीत चढवलेली ती चित्रफीत कार्डाने स्पष्ट होईल, अशी त्यांची आशा होती. मी त्यांना माझ्या मशीनवर हे सगळं चालू करून दाखवलं. बुवांच्या पगडीची कड थोडी सरळ झाली, चेहरा तसाच राहिला. गुरुजींनी कार्ड घेतलं नाही. त्या पैशांत चांगले स्पीकर घेतले, आणि मला वाटतं त्या पदांसाठी तेच योग्य होतं.

आणि ही सोय सगळ्या सेवांवर आणि सगळ्या व्हिडिओंवर चालत नाही. चालते तेव्हा कार्ड तापतं आणि वीजही खातं.

माझा मॉनिटर १०८०पीच आहे. ४के निवडण्यात अर्थ आहे का?

आहे. यूट्यूबवर ४केला डेटा कितीतरी जास्त मिळतो. ते चित्र १०८०पीत बसवताना डाग लहान होतात, रंगांच्या कडाही सुधारतात. हातात कॅमेरा धरून केलेलं चित्रण, पाऊस, गर्दी यांत फरक सहज दिसतो. तुमच्या मशीनला व्हीपी९ झेपत असेल आणि डेटाची चिंता नसेल, तर जरूर करून बघा. १३६६ बाय ७६८चा जुना मॉनिटर असेल, तर मात्र कार्डाआधी मॉनिटर बदला. नजरेला जाणवेल असा फरक त्यानेच पडतो.

क्रिकेट बघताना चेंडू झटके खात जातो. कार्ड कमी पडतंय का?

गळलेल्या फ्रेम्स शून्याजवळ असतील तर नाही. आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण ५० हर्ट्झच्या पद्धतीचं, तर मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. २५ किंवा ५० चित्रं ६० मध्ये सारखी वाटली जात नाहीत, काही चित्रं जास्त वेळ थांबतात आणि कॅमेरा चेंडूमागे सरकताना ते बोचतं. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय दिसला, तर मॅचपुरता तो निवडा.

नेट १०० एमबीपीएसचं आहे, तरी संध्याकाळी चित्र धूसर होतं. का?

१०० हा राउटरपर्यंतचा आकडा. तिथून पुढे २.४ गीगाहर्ट्झच्या वायफायवर सोसायटीतले सगळे राउटर एकमेकांशी भांडत असतात, आणि संध्याकाळी सगळेच घरी असतात. प्लेअरला वेग कमी-जास्त होताना दिसला की तो धोका नको म्हणून खालचा दर्जा घेतो. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅन केबल टाका. भिंतीला भोक पाडावं लागलं तरी पाडा.

मी स्वतः लाइव्ह करतो, गेमिंग आणि क्लास दोन्ही. मला कार्डाचा उपयोग होईल का?

तुम्हाला होईल. इथे उलटं घडतं: चित्र दाबण्याचं काम तुमच्याच घरी होतं, आणि दाबणाऱ्यांत मात्र उजवं-डावं असतं. एनव्हिडियाचा एन्कोडर, म्हणजे कार्डावरचा चित्र दाबणारा भाग, २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून (आरटीएक्स २० आणि जीटीएक्स १६) बराच सुधारला. त्याच पिढीतल्या सुरुवातीच्या जीटीएक्स १६५० मध्ये मात्र जुनाच एन्कोडर होता, आणि जीटी १०३० ला तर एन्कोडरच नाही. एव्ही१ मध्ये दाबणारी घरगुती कार्डं २०२२ मध्ये आली, आधी इंटेल आर्क, मग आरटीएक्स ४० आणि आरएक्स ७०००. यूट्यूबवर लाइव्ह करताना एव्ही१ वापरता येतं आणि तेवढ्याच वेगात चित्र जास्त स्वच्छ जातं.

तरीही आधी ओबीएसची (लाइव्ह करण्याच्या सॉफ्टवेअरची) आकडेवारीची चौकट उघडा. रेंडरिंग किंवा एन्कोडिंगमुळे फ्रेम्स जात असतील तर कार्डाचा विचार करा. नेटवर्कमुळे जात असतील तर अडचण अपलोड वेगाची आहे. क्लाससाठी फळा आणि चेहराच दाखवायचा असेल, तर पहिले पैसे दिव्यावर खर्च करा. अंधाऱ्या खोलीतलं खरखरीत चित्र दाबायला कुठल्याही एन्कोडरला जड जातं.

लॅपटॉपचं काय?

बहुतेक लॅपटॉपमध्ये कार्ड बदलता येत नाही. ड्रायव्हर अद्ययावत करा आणि चार्जर लावून बघा, बॅटरीवर काही मशिन्स हात आखडता घेतात.

सध्या कार्ड घेणं जमणार नाही. जुन्या मशीनवर काही करता येईल?

येईल. ब्राउझरसाठी एच२६४इफाय नावाचं मोफत एक्स्टेन्शन आहे. ते यूट्यूबला एच.२६४च मागायला लावतं. १०८०पीच्या वर जाता येणार नाही, पण जीटी ७१० किंवा चौथ्या पिढीचा आय५ हे काम डीकोडरवर आरामात करतो. बसवल्यावर पुन्हा ती काळी चौकट उघडा आणि कोडेकच्या ओळीत एव्हीसी१ आलंय का बघा. पुष्कळ जणांना दुकानातून मी एवढंच करून परत पाठवलं आहे, आणि कार्डासाठी ते पुन्हा आलेले नाहीत.